आधी काय, मग काय

माझ्या गावाचे नाव नागापूर. ते उच्चारले की ऐकणारा हमखास म्हणतो, "वा! म्हणजे तुम्ही संत्र्यांच्या गावच्या!" मग मी त्याला सांगते, की ते नागपूर, आमचे नागापूर. नगर शहरातून मनमाडच्या रस्त्याला लागले, की सीना नदीच्या काठी आहे ते. आता नगरचेही २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण एका कान्यावरून होणारा हा घोटाळा काही मिटलेला नाही.

व्यवसायाच्या बाबतीतही माझे असेच होते. मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे. मराठीत कोणी याला मज्जामानसशास्त्रज्ञ म्हणतात, पण तो शब्द ऐकून समोरचा माणूस अधिकच घाबरतो. कोणाला वाटते, मी मेंदू कापते. कोणाला वाटते, मी झोपेच्या गोळ्या देते. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाई हळूच विचारतात, "मग आमच्या मनात काय चाललंय, ते कळतं का हो तुम्हाला?" मला एवढेच कळत असते, की त्यांना आणखी मठ्ठा हवा आहे आणि वाढपी पुढे निघून गेला आहे.

खरे पाहता माझे काम मास्तरणीच्या कामासारखे आहे. मी कापत नाही, औषध देत नाही. डोक्याला मार लागला, पक्षाघात झाला, मेंदूत गाठ झाली, फिट्स येऊ लागल्या, किंवा उतारवयात विसर वाढला, की डॉक्टर त्या माणसाला माझ्याकडे पाठवतात. स्मरण, लक्ष, भाषा, हिशेब, कामाची आखणी यांतले काय गेले आणि काय शिल्लक आहे, हे मी तास-दोन तास बसून तपासते. साहित्य म्हणाल तर पेन्सिल, कोरे कागद, काही चित्रे, काही ठोकळे आणि एक घड्याळ. भाजीच्या पिशवीत सारे मावते.

प्रश्नही साधेच असतात. सोमवारपासून वार उलटे म्हणा. शंभरातून सात वजा करत चला. त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि मग येतात एकोणऐंशी. इथे मराठी माणसाची जरा गंमत होते. एकोणऐंशी म्हणजे एक उणे ऐंशी. वजाबाकी करून काढलेल्या उत्तराच्या नावातच आणखी एक वजाबाकी दडलेली! थकलेला मेंदू तिथे ठेचकाळतो. कधी मी म्हणते, "एका मिनिटात जितकी आठवतील तितक्या प्राण्यांची नावे सांगा." शहरातला माणूस वाघ, सिंह, हत्ती, जिराफ असा राणीचा बाग फिरून येतो. आमच्या भागातला शेतकरी म्हणतो, "गाय, कालवड, वासरू, बैल, गोऱ्हा, खोंड, म्हैस, रेडकू..." आणि गोठ्यातून बाहेर पडायच्या आत मिनिट संपते. या कसोटीचे मूळचे नियम ज्यांनी केले, ते बहुधा याला गाय आणि म्हैस अशा दोनच प्राण्यांचे गुण देतील. ज्याच्या घरी गोऱ्हा आणि खोंड यांचे भाव वेगळे, त्याला दोन गुण देताना माझा हात अडतो.

मी या वाटेला कशी लागले, असे पुष्कळ जण विचारतात. नागापूरच्या शेतकऱ्याची मुलगी शिक्षिका होते, परिचारिका होते, हल्ली इंजिनियरही होते. हे कुठून काढले? उत्तर एका शब्दाचे आहे. तात्या.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नागापूरच्या शिवारात औद्योगिक वसाहत आली, तशी घरोघरची एक-दोन माणसे नांगर सोडून यंत्रावर गेली. त्यांतले तात्या. एका लहानशा कारखान्यात ते टर्नर होते. लेथवर त्यांचा हात असा बसलेला, की ड्रॉइंग एकदा पाहिले की जॉब उतरेपर्यंत पुन्हा पाहत नसत. बोलणे मोजके, वागणे काटेकोर. त्यांच्यासमोर आम्ही मुले पाय पसरून बसत नसू.

१९८६ च्या पावसाळ्यात रात्रपाळी करून सायकलवरून परत येताना त्यांना वाहनाची धडक बसली. कपाळावर आपटले. तीन आठवडे दवाखान्यात होते. जखम भरली, हाड जुळले, हातपाय शाबूत राहिले, वाचाही होती तशी राहिली. गावाने पेढे वाटले. आणि मग हळूहळू लक्षात येऊ लागले, की दवाखान्यातून आलेले हे तात्या ते नव्हेत.

भावकीतल्या एका तेराव्याला ते गेले आणि भर पंगतीत मोठ्याने म्हणाले, "जिलबी का नाही केली?" ऐन वैशाखात बाजारात गेले आणि तीन छत्र्या घेऊन आले. कोणी काही बोलले की हसायचे, नाही तर एकदम भडकायचे. सगळ्यांत वाईट म्हणजे लेथ. जॉब कसा करायचा हे विचारले, की पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक सांगत. चकात कसा धरायचा, टूल कोणते लावायचे, माप केव्हा घ्यायचे, सगळे. पण यंत्रासमोर उभे राहिले की जॉब हातात धरून तसेच उभे. मालकांनी सहा महिने वाट पाहिली. मग तात्या घरी बसले.

माणूस लंगडत असता, तर गावाने त्याला बाज टाकून दिली असती. तात्या धडधाकट दिसत. त्यामुळे लोक म्हणत, सोंग आहे. कोणी म्हणत, प्यायला लागला. कोणी देवऋषी सुचवला; तोही झाला. मी बारा वर्षांची होते. माणूस सगळे सांगू शकतो आणि त्यातले काहीच करू शकत नाही, हे कसे, असा प्रश्न मला पडला होता, आणि त्याचे उत्तर शाळेतल्या कोणत्याही पुस्तकात नव्हते.

उत्तर शोधण्याच्या भानगडीत न पडता कामाला लागली ती एकटी आमची मोठी आई, म्हणजे तात्यांची बायको. तिला अक्षरओळख नाही. तिने काय केले, तर पहाटे उठून न्हाणीपासून उंबऱ्यापर्यंत तात्यांच्या वस्तू ओळीने मांडायला सुरुवात केली. तांब्या, पंचा, बंडी, धोतर, टोपी, भाकरीचे फडके, चपला. एक वस्तू झाली की पुढची समोर दिसायची. कामही ती एकच सांगे. "अहो, म्हशीला पाणी दाखवा." ते झाले की मग, "आता वैरण टाका." दोन कामे एका वाक्यात कधी नाहीत. आम्ही मुले हसायचो. ती म्हणायची, "हसू नगा. आधी काय, मंग काय, एवढं कुणी दावलं की चालत्यात ते." आणि खरोखरच ते चालत. दोन-तीन वर्षांत गोठ्याचे सगळे काम तात्यांकडे आले. नवीन काही आले की घोळ होई. रोजचे तेच असेल तर माणूस सुरळीत.

पुढे मी नगरला कॉलेज केले, पुण्याला मानसशास्त्राची एम.ए. झाले आणि बंगळूरला निमहान्स या संस्थेत एम.फिल.ला गेले. १९५४ साली तिथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली होती; १९७४ मध्ये ती आणि तिथले जुने मनोरुग्णालय मिळून निमहान्स झाले. आपल्या देशात मेंदूच्या कसोट्यांचे काम जिथे रुजले आणि वाढले, त्यांतले हे मुख्य ठिकाण. डॉ. सी. आर. मुकुंदन यांनी तिथे या शाखेचा पाया घातला. परदेशी कसोट्यांचे परदेशी आकडे इथल्या माणसाला लावून चालत नाही, हे ओळखून पुढे २००४ मध्ये डॉ. शोभिनी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या लोकांची वये आणि शिक्षण पाहून निकष बांधलेला कसोट्यांचा संच प्रसिद्ध केला. आजही माझ्या पिशवीत तो असतो.

तिथल्या ग्रंथालयात मला तात्या भेटले. म्हणजे फिनियस गेज भेटला. अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेचा रस्ता फोडणाऱ्या टोळीचा हा पंचवीस वर्षांचा मुकादम. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना ती अवचित उडाली आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला. चालत होता, बोलत होता. पण पूर्वीचा शहाणासुरता, कामाचा पक्का मुकादम राहिला नाही. लहरी, धसमुसळा, ठरवलेले तडीस न नेणारा झाला. त्याच्या मित्रांना तो पूर्वीचा गेज वाटेना. पान उलटताना मला नागापूरची ओसरी दिसत होती.

गेजच्या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र बरीच वर्षे कोणी नीट वाचलाच नव्हता. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाने २००० साली त्याच्यावर मोठे पुस्तक लिहिले, तेव्हा त्याकडे लक्ष गेले. हा गेज पुढे दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तिथे काही वर्षे घोड्यांची टपालगाडी हाकत होता. सकाळी ठरल्या वेळी घोडे जुंपायचे, ठरल्या वाटेने जायचे, ठरल्या ठिकाणी थांबायचे. मॅकमिलन यांचा तर्क असा, की या ठरीव दिनक्रमानेच तो पुष्कळसा सावरला असावा. आधी काय, मग काय, हे त्याला घोडे आणि रस्ता सांगत होते. नागापुरात ते मोठी आई सांगत होती. हल्ली आमच्या शास्त्रात यालाच पुनर्वसनाची रीत म्हणून शिकवतात: काम लहान तुकड्यांत फोडा, खुणा डोळ्यांसमोर ठेवा, एका वेळी एकच सांगा.

१९९८ च्या दिवाळीत बंगळूरहून घरी आले, तेव्हा मी हे सगळे मोठ्या आईला सांगितले. ती चुलीपुढे होती. मी तिला म्हटले, "कपाळाच्या मागं मेंदूचा जो भाग असतो ना, तो कारभाऱ्यासारखा असतो. स्वतः काम करत नाही. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कुठं बोलायचं, कुठं गप्प बसायचं, हे बघतो. तात्यांचा तोच भाग दुखावला."

तिने लाकूड जरा मागे ओढले. म्हणाली, "म्हंजी आमच्या कारभाऱ्याचाच कारभारी गेला म्हण की."

इतके नेमके वाक्य मला बंगळूरच्या एकाही वर्गात ऐकायला मिळाले नव्हते. मी हसले. ती हसली नाही. बराच वेळ जाळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मंग ते मुद्दाम करीत नव्हते."

"नाही."

"ती छत्र्यांची येळ, जिलबीची येळ, समदं?"

"समदं."

"मंग मी बारा वर्सं रागावले कुणावर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ओसरीवर तात्या वाती वळत बसले होते. ती उठली आणि काही न बोलता त्यांच्या पुढ्यात चहाचा पेला ठेवून आली. तात्या २०११ मध्ये गेले. शेवटपर्यंत त्यांच्या चपला ओळीत सर्वांत शेवटी असत.

दिवाळीचा विषय निघाला आहे तर आमच्या शास्त्रातली एक भाऊबीजही सांगायला हवी. कॅनडातले मॉन्ट्रियलचे वायल्डर पेनफील्ड हे मेंदूच्या शस्त्रक्रियेतले फार मोठे नाव. त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूत गाठ निघाली. १९२८ साली भावाने स्वतःच तिची शस्त्रक्रिया केली आणि उजव्या कपाळामागचा मोठा भाग काढून टाकला. बहीण घरी गेली. बोलणे, आठवण, माया सगळे चांगले होते. सव्वा वर्षाने भाऊ तिच्याकडे जेवायला गेला. पाहुणा तो एकटा, बाकी घरची चार माणसे. स्वयंपाक साधाच ठरवलेला, आणि तिच्या हातचा पूर्वी नावाजलेला. भाऊ पोचला तेव्हा बहीण स्वयंपाकघरात उभी होती. जिन्नस सगळे काढलेले, एक-दोन गोष्टी शेगडीवर चढलेल्या. बाकी काही सुरूही झालेले नव्हते, आणि एकटीने धडपडून ती रडकुंडीला आली होती. एकेक पदार्थ तिला करता येत होता. सगळ्यांची मोट बांधता येत नव्हती. पुढे तिचे दुखणे उलटले आणि ती गेली. १९३५ मध्ये पेनफील्ड यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या शास्त्रीय लेखात हे जेवण नोंदवून ठेवले. कपाळामागच्या मेंदूचे काम काय, हे त्यातून जगाला कळायला मदत झाली. भावाने बहिणीला ओवाळणी घालावी, ती अशी घातली.

हा लेख वाचल्यापासून स्वयंपाकाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. अनारसे घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचे. म्हणजे उद्या करायच्या गोष्टीची आठवण उद्याच व्हायला हवी. काल काय झाले ते आठवण्याहून ही आठवण वेगळी असते. मग उपसून सावलीत फडक्यावर पसरायचे, किंचित ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळे करून मुरत ठेवायचे. मग खसखशीवर थापायचे आणि मंद आचेवर तुपात सोडायचे. उलटायचे नाही, वरून झाऱ्याने तूप उडवत राहायचे. आणि इतके करून अनारसा हसलाच, म्हणजे कढईत विरघळून फुटलाच, तर गूळ जास्त झाला हे ओळखून पिठी वाढवायची. आखणी, धीर, लक्ष, चूक ओळखणे, बेत बदलणे, यांतले काय नाही त्यात? मी कागदावर घड्याळ काढून घेते, त्याहून ही कसोटी अवघड आहे.

ही नुसती चेष्टा नाही. जन्मात पेन्सिल न धरलेली साठीची बाई माझ्यापुढे येते. तिला मी घन काढायला सांगते. ती वाकड्यातिकड्या चार रेघा ओढते. त्या रेघा मेंदूच्या बिघाडाच्या की शाळा न पाहिल्याच्या? चुकीचा अर्थ लावला, तर धडधाकट बाईवर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसतो. उलट, शिकल्यासवरल्या माणसाचा मेंदू खरोखर बिघडलेला असूनही तो माझ्या टेबलाशी बसून पैकीच्या पैकी गुण मिळवतो, कारण तिथे आधी काय, मग काय, हे त्याला मी सांगत असते. म्हणून आता मी बरोबर आलेल्या माणसाला आधी विचारते, की घरी काय बदलले? पूर्वी या कोणता पदार्थ करायच्या, तो आता करतात का? अर्धवट सोडतात की सुरूच करत नाहीत? लेकी-सुना पटापट सांगतात. मुलगे बहुधा म्हणतात, "तसं काही नाही, नॉर्मल आहे आई." मग मी सुनेला आत बोलावते.

घरी मात्र मी ही पिशवी दाराशीच ठेवते. यजमान इतिहासाचे शिक्षक आहेत. चष्मा सापडला नाही, की ते आपणच आपल्याला स्मृतिभ्रंश ठरवून मोकळे होतात आणि मला उपचार विचारतात. मी सांगते, चष्मा कुठे ठेवला ते विसरलात तर काळजी नको. चष्मा कशासाठी असतो ते विसरलात, तर या. महिन्यातून एकदा आम्ही पुण्याहून नागापूरला जातो. तिथे उरलेल्या तुकड्यात कांदा असतो, मेथी असते. तिथे मला कोणी डॉक्टरीण म्हणत नाही आणि वाकून खुरपायला लागले, की आठवड्याचे सारे गुण डोक्यातून उतरतात. घरच्या माणसांच्या कसोट्या घ्यायच्या नाहीत, असा आमच्या धंद्यात दंडक आहे. तो पाळायला मला सर्वांत जड जाते ते तिथेच.

मोठी आई आता चौऱ्याऐंशीची आहे. गेल्या दिवाळीत अनारसे तिनेच थापायला घेतले. मी शेजारी तूप तापवत होते. पहिला अनारसा तिने खसखशीशिवायच थापला आणि माझ्या हातात दिला. मी तो हातात धरून थांबले. तिच्या मागे फळीवर खसखशीची वाटी होती. मी ती उचलून तिच्या पुढ्यात, गोळ्यांच्या आणि कढईच्या मधोमध ठेवली. तिने वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"माझी परीक्षा घ्यायलीस व्हय गं?"

"नाही."

"घे की. मी काय भीते व्हय?" तिने तो अनारसा परत घेतला, खसखशीवर दाबला आणि पुन्हा माझ्या हातात दिला. "आता सोड त्यो आधी. तूप जळतंय."